मिनिटाला सहा फेरे

शिवाजी पेठेत कुणालाही विचारा, बंद पडलेली मोटार कुणाकडं न्यायची? उत्तर एकच. नृसिंहाकडं! बोअरची असो, पिठाच्या गिरणीची असो, नाहीतर उसाच्या रसाच्या गाड्याची. नृसिंह मोटारीवर कान ठेवायचा, डोळे मिटायचा आणि मोठ्या डॉक्टरालाही जमणार नाही अशा ठाम आवाजात सांगायचा, "वाइंडिंग चांगलं हाय. बेअरिंग गेलंय. उद्या न्या!" आणि दुसऱ्या दिवशी मोटार अशी गुणगुणत घरी जायची, की जणू माहेरपण करून आली आहे.

गिऱ्हाइकानं कौतुक केलं की नृसिंह छाती फुगवून म्हणायचा, "माझं ऐकणार न्हाय अशी मोटार अजून जन्माला यायची हाय!"

मंडळी, असं वाक्य माणसानं कधी तोंडातून काढू नये. देव ऐकत असतो, आणि त्याला गंमत फार आवडते.

तसं देवानं नृसिंहाला काही कमी दिलं नव्हतं. चालतं दुकान, दुकानावरच घर, अनुजासारखी हुशार बायको, आणि गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात कीर्तनाला बुवांच्या मागं टाळ धरायचा मान. फक्त एक गोष्ट देवानं जास्तीची देऊन ठेवली होती. साडू!

धैर्यशील त्याचं नाव. अनुजाच्या धाकट्या बहिणीचा, क्रांतीचा नवरा. पन्हाळ्याला कचेरीत कारकून. अंगानं उदबत्तीची काडी आणि बोलणं काकवीत बुडवून काढलेलं. वायरचं टोक सोलायचं म्हटलं तरी आधी मोबाईलवर व्हिडिओ बघणारा माणूस! त्याच्याबद्दल हेवा वाटावा असं त्याच्यात काय होतं? काही नव्हतं. पण सासऱ्यांच्या डोळ्यांत होतं, आणि तिथंच नृसिंहाचं दुखायचं.

सासरे म्हणजे आण्णा. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, मुक्काम कळंबा. आयुष्यात दोनच वेडं. संध्याकाळी कीर्तन आणि पहाटे तळ्यावर गळ! दोन्हीकडं एकच तन्मयता. कीर्तनाला बसले की माशी हाकलायचे नाहीत, आणि तळ्यावर बसले की कीर्तनातले अभंग मरळ माशांना ऐकवायचे. असा सासरा जिंकायचा तर काय करावं? दोन्ही जावयांना वेगवेगळ्या वेळी एकच उत्तर सुचलं. आण्णांसाठी आपल्या हातानं गळाची काठी करावी. बाजारातली नव्हे. स्वतः बांधलेली!

आता ही काठी करायची रीत थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचा अनर्थ समजेल. एक कोरी, काळी, लवचिक काठी आणायची. दोरी ओवायला तिच्यावर ओळीनं बारीक कड्या बसवायच्या आणि रेशमी दोऱ्यानं त्या आवळायच्या. त्या दोऱ्यावर इपॉक्सीचा लेप द्यायचा. आणि खरी परीक्षा इथून पुढं! लेप असतो मधासारखा. सुकायला घेतो सहा-सात तास. तेवढा वेळ काठी आडवी राहिली पाहिजे आणि अखंड, संथ फिरत राहिली पाहिजे. मिनिटाला साधारण सहा फेरे. थांबली की लेप ओघळला, थेंब लोंबले आणि कड्यांच्या जागी बटाटेवडे! म्हणून काठीच्या बुडाला एक छोटी मोटार जोडतात. सुकवणीची मोटार.

मोटार! म्हणजे नृसिंहाचं स्वतःचं राज्य! आणि त्याच राज्यात गेल्या वर्षी त्याचा पराभव झाला होता.

गेल्या वर्षी धैर्यशीलची काठी आण्णांनी उजेडात धरली आणि म्हणाले, "आरसा केलायस रे! यात बघून मी दाढी करीन." मग नृसिंहाची काठी हातात घेतली. बराच वेळ फिरवून बघितली. कड्यांवरचे टेंगूळ बोटानं चाचपले. आणि म्हणाले, "हं. मजबूत आहे." पुढं त्या मजबूत काठीनं सासूबाई परसातल्या शेवग्याच्या शेंगा पाडू लागल्या!

त्या दिवसापासून नृसिंहाच्या पोटात मिसळीचा कट उकळत होता. वर तर्री, खाली जाळ.

यंदा आण्णांना पंचाहत्तरावं लागणार होतं. रविवारी सकाळी वाढदिवस. पूजा झाली की नवी काठी घेऊन आण्णा तळ्यावर जाणार. आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, पेठेतल्या देवळात पाच वाजता त्यांच्यातर्फे कीर्तन. नृसिंहाची काठी तयार होती. दोरा बांधून झाला होता. शनिवारी सकाळी अनुजानं चहा ठेवता ठेवता बातमी दिली.

"क्रांतीचा फोन आलता. धैर्यशीलरावांची काठी झाली म्हणं. लेप सुकून खडखडीत."

नृसिंहानं उचललेला कप खाली घेतला. "काल सुकली?"

"व्हय. ऑनलाइन मागवलेली मोटार हाय की त्यांची. एकदा लावली की बघायला नको."

"ऑनलाइन!" नृसिंहानं कप असा आपटला की बशीचे दोन साडू झाले. "मोटार काय ऑनलाइन मागवायची वस्तू हाय? मी माझ्या हातानं लावणार! उद्या आण्णांच्या हातात माझी काठी न्हाय दिसली, तर दुकानाची पाटी उतरवून ठेवीन!"

"पाटीचं राहू दे," अनुजा म्हणाली. "मी फुलं आणायला अन् क्रांतीबरोबर प्रसादाचं बघायला जाते. दुपारी येऊन बाबांचा केक करायचा हाय. ओव्हनला हात लावू नका!"

ओव्हनचं तिनं सहज म्हटलं होतं. पण नृसिंहाच्या डोक्यात तिथंच दिवा लागला.

कारण दुकानात मोटारी चाळीस, पण मिनिटाला सहा फेरे घेणारी एकही नव्हती! सगळ्या हजार-दीड हजारवाल्या. आदल्या आठवड्यात त्यानं जुन्या काठीचा तुकडा मिक्सरच्या मोटारीला लावून बघितला होता. लेप सुकला नाही. उडाला! भिंत, छत, कॅलेंडर आणि समोर उभं असलेलं गिऱ्हाईक, सगळ्यांवर समान वाटप झालं होतं. आणि इथं घरातच, ओव्हनच्या काचेच्या थाळीखाली, थाळी फिरवणारी एक इवलीशी मोटार बसली होती. चाल संथ. मिनिटाला बरोबर सहा!

आणि तो ओव्हन कुणी दिला होता? लग्नाच्या वाढदिवसाला धैर्यशील आणि क्रांतीनं! नृसिंहाला गुदगुल्या झाल्या. साडूच्याच मोटारीनं साडूला हरवायचं!

अनुजा गल्लीच्या टोकाला पोचली नसेल तोवर ओव्हन पालथा झाला होता. मोटार निघाली, फळीवर बसली, काठीचं बूड तिला जोडलं, दुसरं टोक लाकडी आधाराच्या, स्क्रूनं घट्ट-सैल होणाऱ्या खाचेत ठेवलं. लेप लावायच्या आधी एकदा कोरी चाचणी घ्यावी एवढा शहाणपणा नृसिंहाकडं होता. बटण दाबलं. काठी फिरली. उजवीकडं. एक, दोन, तीन, चार... कट्! थांबली. आणि फिरली डावीकडं!

"आँ?"

डावीकडं दोन फेरे. कट्! पुन्हा उजवीकडं. नृसिंहानं बंद करून परत चालू केली. आता ती सुरूच डावीकडून झाली!

नृसिंहानं कान लावला. डोळे मिटले. मोटार काहीच बोलली नाही. उघडली, वाइंडिंग मोजलं. ठणठणीत. बेअरिंग बघावं, तर बेअरिंगच नव्हतं! जोडली, फिरवली. चार उजवे, दोन डावे, आणि एक मध्येच थबकून घेतलेला श्वास. तासाभरात नृसिंहानं ती सहा वेळा उघडली. एवढ्या वेळा तर अनुजा माहेरची पिशवीसुद्धा उघडत नाही.

मग त्याला खरा बिघाड सापडला. बिघाड मोटारीत नव्हताच. साडूच्या मनात होता! नासका ओव्हन दिला, जाणूनबुजून!

पण बारा वाजायला आले होते. नाक मुठीत धरून का होईना, फोन लावावा लागणार होता. स्वतःसाठी नव्हे हं!

"धैर्यशीलराव, एक गिऱ्हाईक आलंय. त्याची सुकवणीची मोटार जरा उलटसुलट फिरती म्हणतोय. मी सांगणारच हाय त्याला, पण म्हटलं तुमचाबी अनुभव घ्यावा."

"कुठलं गिऱ्हाईक, दादा?"

"हे... पन्हाळ्याचं."

"पन्हाळ्याचं? आन् गळाच्या काठ्या करतोय? नाव काय त्याचं? मला ठावं न्हाय म्हणजे आश्चर्यच हाय की!"

"नाव सांगाय तो लाजतोय. मोटारीचं सांगा!"

 मग तोच काकवीचा आवाज. "दादा, ओव्हनच्या थाळीची मोटार हाय काय? तसली असली तर तिला डावं-उजवं कळतच न्हाय. जिकडं वाट मिळंल तिकडं सुटती. अडली की मागं फिरती. मोटार बिघडलेली न्हाय. काठी कुठंतरी अडकतीया. बुडाशी मधोमध बसली न्हाय तर ती फिरताना डोकं हलवती, आन् आधाराच्या खाचेत दाबती. त्या गिऱ्हाइकाला म्हणावं, काठी नीट मधोमध बसव, आन् खाचेत मखमलीचा तुकडा घाल."

"मखमल!"

"व्हय. न्हायतर माझ्याकडं एक जादा मोटार हाय. कीर्तनाला येताना आणून देऊ का? गिऱ्हाइकाला?"

"गरज न्हाय!" नृसिंहानं फोन ठेवला. कारकून! कारकून आपल्याला मोटार शिकवतो! मखमल म्हणे. उद्या म्हणेल मोटारीला शालू नेसव. हा खाचेत मऊ कापड घालायला सांगतोय, म्हणजे घट्ट करण्यातच भलं असणार! नृसिंहानं खाचेचा स्क्रू चार पिळे आवळला. मोटारीनं एकदा कण्हून बघितलं आणि ती गप्प उभी राहिली.

पाच मिनिटं तो तिच्याकडं बघत बसला. मग उठला. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, कुणी बघत नाही याची खात्री केली, आपल्या टाळाच्या पिशवीच्या आतली मखमल बोटभर कापली आणि खाचेत घातली. स्क्रू सैल केला. काठीच्या बुडाला कागदाच्या घड्या देऊन ती मधोमध बसवली. बटण दाबलं.

काठी फिरू लागली. न अडता, न थबकता. तळ्यातला बगळा मान वळवतो तशी! दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. एक कट् नाही!

"हे मी असंबी शोधून काढलंच असतं," नृसिंह काठीला म्हणाला.

दुपारी एक वाजता त्यानं लेप दिला. हात असा स्थिर, की केसाएवढाही बुडबुडा राहिला नाही. लेप कड्यांवर पसरला आणि फिरत्या काठीवर काचेसारखा चमकू लागला. नृसिंह स्टुलावर बसून ते वैभव बघत राहिला. त्याला उद्याची सकाळ दिसत होती. आण्णा काठी उजेडात धरत होते. आणि बाजूला धैर्यशीलचं तोंड हिरव्या मिरचीसारखं बारीक होत होतं!

तीन वाजता वरून किंकाळी आली.

"अहो ऽऽऽ!"

अनुजा जिन्यात उभी होती. हातात केकचं भांडं. केक एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं खीर!

"थाळी फिरंना ओव्हनची! एका अंगानं नुसतं भाजलं. खाली वाकून बघते तर मोटारच..." तिची नजर फळीवर गेली. फिरणाऱ्या काठीवरून घसरत घसरत इवल्याशा मोटारीवर येऊन थांबली. "ही माझ्या ओव्हनची?"

"अगं, थोडा वेळ! सात-साडेसातपर्यंत! बाबांसाठीच हाय की!"

"बाबांचा केक पाचच्या आत व्हायला पायजे! देवळात कापायचा हाय, नव्वद माणसं येणार! काढा!"

"अनुजा, ही थांबली तर बटाटेवडे होतील!"

"मग वडेच कापू काय देवळात?"

"मागल्या वर्षी शेवग्याच्या शेंगा..."

"काढा म्हणते ना! काठी काय, हातानंबी फिरती!"

आणि ती मोटार काढून घेऊन वर गेली. मंडळी, घरात देवाच्या खालोखाल जिचं ऐकायचं असतं, तिनं सांगितल्यावर काय बोलणार? नृसिंहानं काठी दोन्ही हातांत आडवी धरली आणि तळव्यांत फिरवायला सुरुवात केली. मनात मोजू लागला. एक फेरा दहा सेकंदांचा. मिनिटाला सहा. चाळीस मोटारींचा मालक स्वतः एक्केचाळिसावी मोटार झाला!

पावणेपाचला दुसरा, चारी बाजूंनी गोरापान केक घेऊन अनुजा खाली आली. "चला. टाळ घ्या."

"मी कसा येऊ? लेप ओला हाय!"

"बाबांचं कीर्तन हाय. तुमचा टाळाचा मान हाय. न्हाय आलासा तर बाबा काय म्हणतील? आन् धैर्यशीलराव तर कवाच पोचल्यात."

धैर्यशील पोचला! नृसिंह ताडकन उठला. काठी आडवी धरून, फिरवत फिरवत, खेकड्यासारखा तिरका होऊन दुकानाबाहेर पडला. सात फुटांची काठी आणि पाच फुटांची गल्ली! तालमीच्या कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली.

"काय दादा, कुणाला पापड लाटून द्यायलाय?"

"मासा गावला का हवेत?"

"बाजूला! बाजूला व्हा! चौतीस, पस्तीस..."

"आरं, मोजतोय बघा! कायतरी नवस दिसतोय!"

देऊळ गच्च भरलं होतं. अभिरामबुवा उभे राहिले होते, पेटीचा सूर लागला होता, उदाचा वास दाटला होता. अशा जागी पाय ठेवला की एरवी नृसिंहाच्या मनातलं सगळं मळभ निघून जायचं. आज त्यानं मळभ दोन हातांत आडवं धरून आणलं होतं! खांबाजवळ कशीबशी जागा झाली. डावीकडच्या चार आणि उजवीकडच्या पाच माणसांना मागं सरकवून तो मांडी घालून बसला आणि काठी गुडघ्यांवर घेऊन फिरवत राहिला.

बुवांनी मागं वळून बघितलं. टाळकरी जागेवर नाही. नृसिंहानं अगतिकपणे हातांतली काठी दाखवली. आणि तेवढ्यात गर्दीतून एक उदबत्तीची काडी उठली, अनुजानं आणून ठेवलेला टाळ उचलला आणि बुवांच्या मागं जाऊन उभी राहिली. धैर्यशील!

आणि वाजवला त्यानं! चुकला असता तर नृसिंहानं त्याला माफ केलं असतं. पण लेकाचा चुकेना! पहिल्या रांगेत आण्णा मान डोलावू लागले. नृसिंहाच्या पोटातल्या कटाला दुसरी उकळी फुटली. काठी गेली, आता टाळही गेला! रागाच्या भरात फेरे मिनिटाला नऊ झाले. त्यानं दात आवळून ते परत सहावर आणले.

शेजारच्या चिमणाबाईंनी तोंड जवळ आणलं. "नरसू, ह्ये काय रं?"

"बोलू नका मावशी, मोजतोय. बारा..."

चिमणाबाईंनी दोन्ही हात जोडले आणि पलीकडच्या बाईच्या कानात म्हणाल्या, "काठीवर जप चाललाय. माळंत मन रमत न्हाय म्हणून काठी घेतल्यान!" ती बातमी बायाबायांतून पुढं सरकत पहिल्या रांगेपर्यंत पोचली आणि तिथून बुवांपर्यंत.

बुवांचं आजचं निरूपण मत्सरावर होतं. गोड गळ्याचे, साध्या बोलण्याचे बुवा ते. सांगत होते, "मत्सर म्हणजे काय हो? शेजारणीच्या तव्यावरची भाकरी किती फुगली, हे बघत बसायचं. आणि बघता बघता काय होतं? तिची फुगते आणि आपली करपते! भाकरी आपली, तवा आपला, जाळ आपलाच. तरी राग शेजारणीवर!" देवळात हशा पिकला. नृसिंह हसला नाही. त्याला आत कुठंतरी चटका बसला होता.

आणि तेवढ्यात बुवांचा हात लांब झाला. थेट त्याच्याकडं!

"आणि इकडं पाहा! हा भक्त पाहा! याचा रोजचा मानाचा टाळ आज दुसऱ्याच्या हातात आहे. याला त्याचं काही आहे? नाही! याची नजर दुसऱ्याकडं जाते? नाही! हातातलं चिंतन एक क्षण थांबलंय? नाही! मत्सर नाही, स्पर्धा नाही, मागणं नाही. मंडळी, संत शोधायला लांब जाऊ नका. तो खांबाला टेकून बसला आहे!"

टाळ्यांचा कडकडाट! नव्वद माणसांच्या माना वळल्या. आण्णांनी उपरण्यानं डोळे टिपले. धैर्यशील मात्र टाळ वाजवायचा थांबून, डोळे बारीक करून काठीकडं बघत होता. आणि आमचा संत? त्याला त्या क्षणी जमिनीनं दुभंगून आत घेतलं असतं तर हवं होतं. फक्त काठीसकट, आणि काठी आडवी!

पूर्वरंग संपला. आता रिवाजाप्रमाणं बुवांना हार आणि सगळ्यांना बुक्का! नृसिंहाच्या हे लक्षात आलं तेव्हा चिमणाबाई बुक्क्याची वाटी घेऊन समोर उभ्या होत्या.

"मावशी, मला लावा! काठीला नको! काठीला नको!"

"बघा, देवापुढं किती लीन!" म्हणत चिमणाबाईंनी चिमूटभर बुक्का पहिल्या कडीला लावला. लेप ओला. बुक्का चिकटला! मग त्यांच्या मागची. मग तिच्या मागची. संताच्या जपकाठीला बुक्का लावायला रांग लागली! कुणी वर तुळशीचं पान ठेवलं. कुणी नमस्कार केला. नृसिंह "नको, नको" म्हणत फिरवत होता, त्यामुळं बुक्का चारी बाजूंनी सारखा बसत होता. आणि शेवटी खुद्द बुवा आले. गळ्यातला शेवंतीचा हार काढला आणि त्या काठीवर पांघरला. काठी एक फेरा फिरली आणि हार तिच्याभोवती गुंडाळला गेला.

नृसिंहाच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोक म्हणाले, भाव दाटला!

उत्तररंग सुरू झाला. कुणीतरी हळूच शेजारी येऊन बसलं.

"दादा, फिरवायचं थांबवू नका. इकडचं टोक माझ्याकडं द्या. हात दमल्यात तुमचं."

धैर्यशील होता. टाळ दुसऱ्याच्या हातात देऊन आला होता.

"तू ओळखलंस?"

"गळाची काठी न्हाय व्हय ओळखणार? आन् पन्हाळ्याचं गिऱ्हाईकबी सकाळीच ओळखलंतं." त्यानं हार अलगद सोडवला. काही पाकळ्या लेपातच राहिल्या. "ह्या ओढू नका. लेप ओरबाडंल. राहू द्यात."

आपली काठी विद्रूप राहावी म्हणून तर हा सांगत नसेल? असं नृसिंहाच्या मनात आलंच. सवयीनं! पण काठी दोघांच्या हातांत एका चालीनं फिरत होती, आणि एकट्यानं फिरवताना भरून आलेले दंड हलके होत होते.

"एक सांगू, दादा?" धैर्यशील कुजबुजला. "ह्यो टाळ मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो. सहा महिनं. आण्णा घरी सारखं म्हणायचं, नृसिंहासारखा टाळ नृसिंहानंच धरावा. लई जळायचं बघा माझं."

"तुझं जळायचं?"

"तर वो! आन् आज एवढं जीव तोडून वाजवलं, आन् बुवा बोट दाखवत्यात तुमच्याकडं!"

नृसिंहाला बरं वाटलं. वाटू नये, हे त्याला कळत होतं. समोर मत्सरावर निरूपण झालं होतं, देव बघत होता. तरी बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तीन फेरे मोजायचे राहून गेले.

रविवारी सकाळी कळंब्याला आण्णांच्या ओसरीवर दोन्ही काठ्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. धैर्यशीलची आरसा. आणि नृसिंहाची? कड्याकड्यांवर काळा बुक्का चांदण्यासारखा चमचमत होता, टोकाच्या कडीखाली तुळशीचं पान काचेत बसवल्यासारखं दिसत होतं, मधे मधे शेवंतीच्या पिवळ्या पाकळ्या. थेंब मात्र एकही लोंबलेला नव्हता!

पूजा आटोपून आण्णा बाहेर आले.  आण्णांनी आरसा बघितला, हसले आणि खाली ठेवला. मग दुसरी काठी उचलली. उजेडात धरली.  चित्रकलेच्या मास्तरांचे डोळे ते. पाकळी पाकळी बघून झाली.

"नृसिंह," आण्णा म्हणाले. "अशी काठी उभ्या जिल्ह्यात कुणाच्या घरी नसेल."

त्यांनी ती कपाळाला लावली. वाढदिवसाला जमलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर लावली! नृसिंहाची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण कुरकुरलं. त्यानं हळूच साडूकडं बघितलं. धैर्यशीलचं तोंड खरंच हिरव्या मिरचीएवढं झालं होतं!

आण्णा काठी घेऊन आत गेले. देवघरात विठ्ठलाच्या तसबिरीखाली ती आडवी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, हात जोडले. मग बाहेर आले, पायात चपला सरकवल्या, धैर्यशीलची काठी खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "चल रे धैर्यशील! ऊन चढायच्या आत तळ्यावर पोचू."

नृसिंहाला काही समजेना. "आण्णा... आन् माझी?"

"वेडा आहेस काय?" आण्णा थबकले. "बुवांच्या गळ्यातला हार, देवळातला बुक्का, वर तुळस! तिला गळ बांधू? तिनं मासे मारू? नरकात जाईन मी! ती देवाची झाली. आता तिला पाण्याचं दर्शनसुद्धा नाही."

दोघं फाटकाकडं निघाले. जाता जाता धैर्यशील मागं वळून देवघराकडं बघत होता. आणि नृसिंह धैर्यशीलच्या पाठीकडं. कोण कुणावर जास्त जळत होतं, ते त्या विठ्ठलालाच ठाऊक!

फाटकाशी आण्णा अचानक थांबले. वळले. हाक मारली, "नृसिंह!"

 सासऱ्यांना दया आली! तो धावत सुटला. "जी, आण्णा!"

"तिथं पायरीवर गांडुळांचं डबडं राहिलंय बघ. ते जरा धैर्यशीलकडं दे."

नृसिंहानं डबडं आणून साडूच्या हातात दिलं. पण देण्याआधी पाठ करून त्याचं झाकण त्यानं आवळलं. मोटारी आवळणाऱ्या हातानं, चांगले चार पिळे!